फुगलेल्या दाराला रंधा लावू नका : लाकडी खिडक्या-दारांची सफाई आणि देखभाल

काही वर्षांपूर्वीच्या जुलैमध्ये आमच्या कोकणातल्या घराचं मागीलदार बसेना. परसात उघडणारं, दोन पल्ल्यांचं, सागवानी दार. खांदा लावून ढकलावं लागायचं आणि उघडताना तर भिंतच हादरायची. दोन दिवस सहन केलं, तिसऱ्या दिवशी शेजारून रंधा आणला आणि कडेची दोन बोटभर लांब वळवळती सालपटं निघेपर्यंत तासलं. दार लोण्यासारखं बसलं. जानेवारीत परत गेलो तेव्हा दोन पल्ल्यांमध्ये करंगळी जाईल एवढी फट होती आणि त्या फटीतून पाल निवांत ये-जा करत होती. सुतारकाकांनी लांबूनच पाहिलं आणि विचारलं, “पावसात तासलंत ना?”

लाकूड तोडलं, कापलं, त्याला शंभर वर्षं झाली तरी ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लांबीत ते जवळजवळ बदलत नाही. बदलतं ते रुंदीत, म्हणजे रेषांना आडवं. एक फूट रुंदीच्या फळीत कोरड्या उन्हाळ्यापासून भर श्रावणापर्यंत दोन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि साग तर यात शहाणा. आंबा किंवा फणस असेल तर विचारायलाच नको. म्हणून जुने सुतार मोठी सलग फळी न लावता चौकट करून तिच्या खाचेत दिलहे, म्हणजे मधल्या छोट्या फळ्या, मोकळे बसवत. दिलह्याने आत फुगावं, आटावं, बाहेर कुणाला कळू नये. नंतर कुणीतरी त्या खाचा रंगाने किंवा फेविकॉलने बुजवतो आणि दिलह्याला मधोमध चीर जाते.

तर लाकडी दारा-खिडक्यांचं निम्मं काम म्हणजे काय करायचं यापेक्षा केव्हा करायचं हे ठरवणं. पुसणं वर्षभर. तपासणी पाऊस संपल्यावर. सुतारकाम डिसेंबर ते फेब्रुवारी. रंग-पॉलिश फेब्रुवारी ते एप्रिल. मे महिन्यात शाकारणीच्या सुमारास फक्त राहिलेलं डागडुजीचं. आपण नेमकं उलटं करतो: दिवाळीच्या आधी पंधरा दिवस रंगारी बोलावतो. तेव्हा भिंती कदाचित सुकलेल्या असतात, कोकणातलं लाकूड नसतं. ओल आत कोंडून वर चकचकीत एनॅमल मारला की पुढच्या मे महिन्यात त्याला फोड येतात आणि दोष रंगाच्या डब्याला दिला जातो. नागपूर-चंद्रपूरकडे प्रश्न वेगळा आहे. तिथे ४५ अंशांच्या कोरड्या उन्हात लाकूड आटून तडकतं, सांधे सैल होतात आणि पश्चिमेच्या खिडक्या सगळ्यात आधी फिकट पडतात. तिथे पाण्याइतकंच उन्हालाही भ्यायचं.

आधी बघा, वर काय लावलंय

फडकं ओलं करण्याआधी लाकडावर कुठला थर आहे ते कळायला हवं. रंग असेल तर दिसतोच. पारदर्शक चमक असेल तर ती चपड्याची (लाखेची) पॉलिश आहे, मेलामाइन आहे की पीयू (पॉलियुरेथेन), हे डोळ्यांना समजत नाही. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून बिजागरीमागच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर अर्धा मिनिट धरा. कापूस चिकटला, तपकिरी झाला तर चपडा. ही जुन्या घरांतली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात नाजूक पॉलिश. पाणी साचलं की पांढरे डाग पडतात, स्पिरिट किंवा सॅनिटायझर लागलं की विरघळते. करोनाच्या साथीच्या काळात कड्या-कोयंड्यांवर सॅनिटायझर फवारून किती दारांच्या पॉलिशी गेल्या ते प्रत्येकाने आपल्या दाराच्या मुठीभोवती पाहावं. मेलामाइन आणि पीयू यापेक्षा दणकट असतात, पण एकदा सोलायला लागले की त्यांना अधेमधे ठिगळ लावता येत नाही, सगळा थर काढावा लागतो.

जुना रंग असेल तर दुसरी, जास्त गंभीर गोष्ट. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नसावं हा नियम २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तेली रंगांत, खास करून पिवळ्या, नारिंगी, लाल, हिरव्या छटांत, शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायचं. रंग शाबूत असेल तर तो भिंतीवरच्या चित्राइतका निरुपद्रवी. पण कोरडा घासला की त्याची धूळ होते, ती उंबरठ्यावर बसते, रांगतं मूल तिथे हात टेकतं आणि हात तोंडात घालतं. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो. म्हणून जुना रंग काढताना यंत्राने कोरडं घासायचं नाही, जाळ किंवा ब्लो टॉर्च लावायची नाही. पाण्याचा फवारा मारत, वॉटर पेपरने, खाली प्लॅस्टिक अंथरून घासायचं. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्यांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवायचं. नाकावर रुमाल बांधणं हा मनाचा खेळ आहे, एन-९५ मास्क लावा. ते सालपट चुलीत किंवा शेकोटीत टाकू नका, पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. झाडू न मारता ओल्या फडक्याने जमीन पुसा.

पुसायची पद्धत

लाकूड धुवायचं नसतं, पुसायचं असतं. दिवाळीच्या सफाईत पाइप लावून खिडक्या धुणारी माणसं मी पाहिली आहेत. त्या पाण्याला आत जायला वाट सापडते, बाहेर यायला सापडत नाही.

पडदे उतरवा, जाळी निघत असेल तर काढा. मग रंगाचा जुना, मऊ केसांचा ब्रश घेऊन कोरडी धूळ वरून खाली झाडा. ही पायरी कंटाळवाणी म्हणून वगळली जाते आणि मग धुळीचा चिखल होतो, तो दिलह्याच्या खाचेत बसतो. गजांच्या मुळाशी, कोरीव कणीत आणि गणेशपट्टीवर जुना टूथब्रश चालवा. मातीची घरटी दिसली तर ती बहुतेक कुंभारीण माशीची असतात; रिकामी असली की पटाशीने अलगद निघतात. कागदासारखं राखाडी पोळं लटकत असेल आणि त्यावर पिवळ्या-तपकिरी लांबट माश्या असतील तर ती गांधीलमाशी. तिला भर दुपारी काठीने डिवचू नका. चावल्यावर ज्यांना अंगावर गांधी उठून धाप लागते अशांनी तर त्या खिडकीजवळही जाऊ नये.

दोन बादल्या घ्या. एकीत लिटरभर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विड साबणाचे चार-पाच थेंब, दुसरीत साधं पाणी. फडकं साबणाच्या पाण्यात बुडवून इतकं पिळा की मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये. रेषांच्या दिशेने पुसा. लगेच साध्या पाण्याचं पिळलेलं फडकं, लगेच कोरडं. तिन्ही एका पल्ल्यावर पूर्ण झाली की मगच पुढच्या पल्ल्याकडे. सगळ्या खिडक्यांना आधी साबण लावून ठेवायचा आणि मग एका दमात पुसत यायचं, हे काम वाचवणं नव्हे.

समुद्राजवळच्या घरांत एक पायरी वाढते. मीठ हवेतून येऊन बसतं, ते स्वतः ओलावा धरून ठेवतं आणि बिजागऱ्या खातं. तिथे साबणाआधी साध्या पाण्याच्या फडक्याने मीठ उतरवून घ्या, आणि पावसाळा सोडून महिन्यातून एकदा तरी. पावसाळ्यात बाहेरून पाऊसच ते काम करतो.

स्वयंपाकघराची खिडकी हा स्वतंत्र विषय आहे. फोडणीची वाफ, त्यावर धूळ, त्यावर पुन्हा वाफ असा तो चिकट तपकिरी थर पुसून जात नाही म्हणून बायका धुण्याचा सोडा वापरतात. सोड्याने थर निघतो, खरं. पण तो सागाला काळवंडतो आणि तेली रंगाची चमक मारतो. त्यापेक्षा साबणाचं प्रमाण वाढवा, पाणी जरा गरम घ्या, फडकं पाच मिनिटं त्या जागी चिकटवून ठेवा आणि थर मऊ झाल्यावर जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडा. तारेची घासणी कुठेच नको. तिचे बारीक कण लाकडात अडकतात, गंजतात आणि चार दिवसांनी काळे ठिपके उमटतात.

उंबरठ्याचं सांगायचं राहिलं. हळदीचा डाग पॉलिशवर लगेच पुसला तर जातो, उघड्या लाकडावर जात नाही. ऊन मात्र त्याला हळूहळू फिकट करतं, म्हणून घासून लाकूड खराब करण्यापेक्षा थांबलेलं बरं. उंबरठ्यावर दर शुक्रवारी पाण्याने सडा घालायचा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना, जिथे तो चौकटीच्या उभ्या बाहीला भिडतो तिथे, पाणी साचत नाही ना एवढं बघा. कुजणं तिथूनच सुरू होतं.

बुरशीचा हिरवा-काळा थर साबणाने आणि ब्रशने निघतो. सुकी बुरशी झटकू नका, आधी ओली करा, मास्क लावा. आणि काहीही झालं तरी ब्लीचिंगचं पाणी संडासात टाकायच्या अ‍ॅसिडबरोबर किंवा अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबर एकत्र येऊ देऊ नका. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत माणसाला आडवा करू शकतो. लाकडाला ब्लीचची गरजही नसते; वरचा रंग उडतो, आतली बुरशी राहते.

काच

फवारा काचेवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. काचेवर मारलेला ओघळत खालच्या लाकडी पट्टीत जातो आणि काचेच्या कडेची लांबी, म्हणजे काच बसवायचा पुट्टीसारखा लगदा, भिजवतो. वर्तमानपत्राने काच पुसायची पद्धत चांगली आहे, फक्त पांढऱ्या चौकटीला शाईची बोटं लागतात. काचेवरचे रंगाचे थेंब ब्लेडने निघतात, पण कोपऱ्यात बारीक शिक्का असलेली टफन्ड काच असेल तर ब्लेड वापरू नका, ओरखडे उठतात.

जुन्या खिडक्यांत तावदानं चुन्याच्या खडूची पावडर आणि अळशीचं तेल मळून केलेल्या लांबीवर बसवलेली असतात. वीस-पंचवीस वर्षांत ती कडक होऊन तडकते आणि तुकड्या-तुकड्यांनी गळते. नखाने टोकरली असता निघत असेल तर तिथून पाणी आत जातंच आहे. सैल तेवढी काढून, खाच कोरडी करून, खाचेला तेलाचा किंवा प्रायमरचा हात देऊन नवी भरावी. असा हात न देता कोऱ्या लाकडात भरली तर लाकूड तिच्यातलं तेल पिऊन टाकतं आणि ती पुन्हा तडकते. काच तडकलेली असेल तर तिच्यावर आधी आडवी-उभी चिकटपट्टी मारा, मग चामड्याचे हातमोजे घालूनच हात लावा. तावदान कधीही वरून खाली काढू नये, खालून आधार देत बाहेर घ्यावं.

दाभण घेऊन फेरी

ऑक्टोबरात, चांगलं ऊन पडायला लागून पंधरा दिवस झाले की एक दाभण, एक खडू आणि मोबाइल घेऊन घराभोवती फिरा. हे काम वर्षातून एकदा, अर्ध्या तासाचं. मला विचाराल तर पूर्ण लेखातलं हेच सगळ्यात महत्त्वाचं.

पागोळ्या जिथे पडतात त्या जमिनीवरून पाणी उसळून दाराच्या खालच्या वीतभर भागावर आपटतं. तिथल्या आडव्या पट्टीत आणि उभ्या पट्टीत जो सांधा आहे तिथे दाभण टोचा. चांगलं लाकूड टोक दोन मिलिमीटरच्या पुढे जाऊ देत नाही. दाभण लोण्यात गेल्यासारखं गेलं तर आत भुसभुशीत आहे, वर रंग कितीही गुळगुळीत असो. खिडकीच्या खालच्या चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांत, बिजागरीच्या स्क्रूंभोवती आणि चौकट भिंतीला भिडते त्या रेषेवरही टोचा. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांहून जास्त ओलावा लागतो. त्याखाली ती वाढत नाही. म्हणजे औषधाआधी पाणी थांबवायचं: छज्जाखालची, पाणी तोडणारी खाच सिमेंटने बुजली आहे का, पन्हळ फुटली आहे का, अंगणाचा उतार घराकडे झाला आहे का.

आता मोबाइलचा कॅमेरा वर करून दाराच्या खालून सरकवा आणि फोटो काढा. पल्ल्याची खालची कड दिसेल. दहातल्या नऊ घरांत ती कोरी निघते, रंग नाही, पॉलिश नाही, काही नाही, कारण रंगाऱ्याचा ब्रश तिथे पोचत नाही. ही कड म्हणजे उभ्या पट्ट्यांची टोकं. झाडाच्या पाणी ओढणाऱ्या नळ्यांची तोंडं तिथे उघडी असतात, त्यामुळे फळीच्या अंगापेक्षा टोकाकडून पाणी कितीतरी पटीने वेगात आत शिरतं. पुढच्या वेळी रंगकाम कराल तेव्हा पल्ले बिजागरीतून उतरवा, उलटे टेकवा आणि त्या खालच्या आणि वरच्या कडेला प्रायमरचे दोन आणि रंगाचे दोन हात द्या. बाकी काही केलं नाहीत तरी एवढं करा. पल्ले उतरवताना मात्र मागे खडूने आकडे टाका, “माजघर डावा” वगैरे. एका सुट्टीत आम्ही सहा झडपा उतरवल्या आणि लावताना दिवसभर कोड्यासारख्या जुळवत बसलो.

मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून चौकटीकडे गेलेल्या दिसल्या तर वाळवी. नळी एका जागी दोन इंच मोडून ठेवा. दोन-तीन दिवसांत ती पुन्हा जोडली गेली तर कामगार आत आहेत. दाराला टेकून रचलेलं सरपण, कुंड्या, भिजके पुठ्ठे आधी हलवा, ती वाळवीची वाट असते. रॉकेल ओतणं हा जुना उपाय दोन दिवसांचा आहे आणि आगीचा धोका कायमचा; वसाहत जमिनीत असते, दारात फक्त तिची जेवणाची पंगत. यासाठी परवानाधारक कीटकनाशकवाल्याला बोलवावं. मैद्यासारखा फिकट भुसा खाली पडत असेल आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर तो किडा वेगळा. तो सागाच्या गाभ्याला सहसा हात लावत नाही, सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात शिरतो. भोकांखाली काळा कागद ठेवून आठवडाभर पाहा. भुसा पडलाच नाही तर ती जुनी भोकं आहेत, घाबरू नका. आणि बोटभर जाडीचं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक असेल तर तो काळा भुंगा.

कोकणात काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला लावायची जुनी पद्धत आहे. वाळवीविरुद्ध ते चालतं यात शंका नाही, होड्यांना लावत आले आहेत. पण काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. त्या तेलाने कातडीवर बिब्ब्यासारखे फोड येतात. घरातल्या दाराला, जिथे रोज हात लागतो, तिथे ते मी लावणार नाही.

बसत नाही, कुरकुरतं, लोंबतं

दार बसत नसेल तर रंधा हा शेवटचा उपाय. पहिला स्क्रूड्रायव्हर. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल झाले की पल्ला लोंबतो आणि खालचा कोपरा उंबरठ्याला घासतो. माणसाला वाटतं लाकूड फुगलं. स्क्रू फिरत राहतो पण आवळला जात नाही, म्हणजे भोक मोठं झालंय. बांबूची कामटी चाकूने टोकदार करा, फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठोका, रात्रभर ठेवा, सकाळी कापून सपाट करा आणि स्क्रू पुन्हा घाला. स्क्रूला आधी साबण चोळा. पितळी स्क्रू मऊ असतो, सागात अर्ध्यावर मोडतो. म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून वाट करायची, तो काढायचा, मग पितळी. किनारपट्टीला लोखंडी बिजागरी लावणं म्हणजे दर पाच वर्षांनी तेच काम. पितळी किंवा ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील लावा.

स्क्रू घट्ट असूनही घासतंय? चौकटीच्या कडेला खडू चोळा, दार बंद करा, उघडा. पल्ल्यावर जिथे खडू लागला तिथे घर्षण आहे. त्या जागी मेणबत्ती रगडा. बहुतेक वेळा पावसाळा निघतो. पेन्सिलने खूण करून ठेवा आणि डिसेंबरात पुन्हा बघा. कोरड्या दिवसांत चौकट आणि पल्ला यांत दोन नाणी एकावर एक ठेवून सरकतील एवढी, म्हणजे साधारण तीन मिलिमीटर फट हवी. तेव्हाही घासत असेल तर तासा. तासलेल्या कडेला त्याच दिवशी प्रायमर द्या.

कुरकुरणाऱ्या बिजागरीत खोबरेल तेल घालू नका. २४ अंशांच्या आसपास ते गोठतं, धूळ धरतं आणि पुण्या-नाशिकच्या थंडीत त्याची खळ होते. शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरे, ओघळ लगेच पुसायचा. कुलपात तेल नकोच. पेन्सिलीचं शिसं (हे ग्राफाइट, रंगातलं विषारी शिसं नव्हे) खरवडून ती पूड किल्लीला लावून चार वेळा फिरवा.

रंग की पॉलिश

बाहेरच्या अंगाला रंग, आतल्या अंगाला पॉलिश, असं माझं मत आहे आणि त्यावरून घरात भांडणं झाली आहेत. “बर्मा सागवान आहे, रंगाखाली झाकायचं?” हा प्रश्न भावनेचा आहे. पारदर्शक थरातून ऊन आत जातं, लाकडाचा वरचा पापुद्रा सुटतो आणि त्याबरोबर व्हार्निशही. बाहेरून सागाच्या रेषा दिसायलाच हव्या असतील तर बाहेरच्या वापरासाठीचा, उन्हाच्या किरणांना अडवणारा पीयू लावा आणि दोन-तीन वर्षांनी, सोलायच्या आधीच, हलकं घासून एक हात चढवा. अळशीचं तेल आतल्या दाराला सुंदर. भर पावसात भिजणाऱ्या झडपेला लावलं तर त्यावर बुरशी पोसली जाते.

रंगाचा क्रम असा. सुटलेला रंग काढणं, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग १८०, कायम रेषांच्या दिशेने. साग स्वभावाने तेलकट, म्हणून थिनरच्या फडक्याने एकदा पुसून घ्या, नाहीतर प्रायमर धरत नाही. प्रायमर, भोकांत लांबी, पुन्हा घासणं, एनॅमलचे दोन पातळ हात. जाड एक हात नव्हे. दोन हातांत रात्रभराचं अंतर. दिलह्याच्या खाचा रंगाने भरून जाऊ देऊ नका. कुजलेला भाग असेल तर त्यात पुट्टी कोंबून वर रंग मारण्याचा मोह टाळा. पटाशीने घट्ट लाकूड लागेपर्यंत कोरा, आठ-दहा दिवस वाळू द्या आणि त्याच जातीच्या लाकडाचं ठिगळ सुताराकडून बसवून घ्या. भिंतीची पांढरी पुट्टी लाकडात कधीच भरू नये, पहिल्या पावसात ती फुगून बाहेर येते.

थिनर-टर्पेंटाइनचं काम चालू असताना खिडक्या उघड्या, गॅस बंद आणि देवघरातला दिवाही शांत. त्याहून लपलेला धोका तेलाच्या फडक्यांचा आहे. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं. तेलाने माखलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत साठते आणि काडी न लावता ती पेटू शकतात. काम झालं की ती अंगणात एकेक करून पसरून, कडक होईपर्यंत वाळवा किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा.

गॅलरीकडची सरकती दारं

नव्या बंगल्यांत आणि फ्लॅटमध्ये गच्चीकडे किंवा बागेकडे उघडणारं लाकडी चौकटीचं मोठं काचेचं दार आलं आहे. त्याचं दुखणं बहुतेक वेळा खालच्या चॅनेलमध्ये असतं: माती, केस, मेलेले किडे. व्हॅक्यूमने ओढा, टूथब्रश फिरवा, आणि बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायला जी बारीक भोकं ठेवलेली असतात ती तारेने मोकळी करा. ती बुजली की पाणी घरात येतं आणि माणसं सिलिकॉनने उरलीसुरली भोकंही बंद करतात. चॅनेलमध्ये ग्रीस नको, सिलिकॉन स्प्रेचा हलका हात द्या. चाकांजवळ खालच्या कडेला एक स्क्रू असतो, तो फिरवून दार थोडं वर-खाली करता येतं.

दार उचलून काढायचं असेल तर एकट्याने नाही. काचेचं वजन दर चौरस मीटरला, जाडीच्या प्रत्येक मिलिमीटरमागे अडीच किलो. २.१ बाय ०.९ मीटरच्या दारातली ५ मिलिमीटरची नुसती काच चोवीस किलोच्या आसपास होते, ८ मिलिमीटरची अडतीस. वर लाकूड. दोन माणसं, बूट घालून. दुहेरी काचेच्या मधोमध धुकं दिसत असेल तर पुसत बसू नका. कडेचं सील गेलंय, ते युनिटच बदलावं लागतं.

उंचावर

वरच्या मजल्याची खिडकी बाहेरून पुसायला खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहू नका, आणि घरकाम करणाऱ्या बाईंनाही उभं करू नका. जितकं आतून, लांब दांड्याच्या पुसणीने पोचतं तितकं करायचं, बाकीचं राहू द्यायचं. झडपा आत उघडत असतील तर प्रश्नच नाही. बाहेर उघडत असतील तर बिजागरीची खीळ काढून पल्ला आत घेता येतो. शिडी लावायचीच तर चार फूट उंचीला एक फूट पाया भिंतीपासून लांब, खाली एक माणूस धरायला, आणि ॲल्युमिनियमची शिडी विजेच्या तारांपासून दूर. गजाला धरून लोंबकळू नका. ज्या चौकटीत दाभण आरपार जातं तिच्यात बसवलेला गज तुमचं वजन पेलेल याची खात्री काय?

घर बंद करून जाताना

मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांची गावातली घरं जूनमध्ये बंद होतात ती गणपतीलाच उघडतात. सगळं घट्ट लावून गेलं की आतली हवा कोंडते आणि तीन महिन्यांनी आतल्या बाजूने बुरशीची मखमल चढलेली असते. आम्ही आता वाऱ्याच्या विरुद्ध बाजूच्या, छज्जाखालच्या दोन खिडक्यांच्या झडपा खिट्टीच्या पहिल्या खाचेवर, बोटभर उघड्या ठेवतो, आतून बारीक जाळी आणि गज आहेतच. दारांच्या खालच्या कडेला मेणबत्ती रगडून जातो. मागीलदाराला सुतारकाकांनी लावलेली पट्टी अजून टिकून आहे, रंग मात्र शेजारच्या फळीशी जुळत नाही.